पामतेलाची प्रश्नावली आणि डब्यांचा हिशेब : लातूरच्या एका फरसाण कारखान्याचे प्रकरण

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतला फरसाणाचा कारखाना. रोज सुमारे दोन टन माल, महिन्याला सव्वीस दिवस काम. शेव, पापडी, गाठी, चिवडा, तेल पामोलिन (पामतेलाचा पातळ भाग). बराचसा माल नांदेड, परभणी, धाराशिव, सोलापूरच्या बाजारात जातो. महिन्याला नऊ टन पुण्याच्या एका निर्यातदाराच्या पिशवीत, त्याच्या नावाने भरला जातो. नव्या वर्षाचा करार करण्याआधी या निर्यातदाराने पामतेलाविषयी अकरा पानांची प्रश्नावली पाठवली. मालकाने ती लेखनिकाकडे दिली, लेखनिकाने तेलाच्या ठोक व्यापाऱ्याकडे. व्यापाऱ्याने प्रत्येक चौकोनात ‘हो’ लिहिले, शिक्का मारला आणि कागद परत केला. आठ दिवसांनी निर्यातदाराची एका ओळीची विचारणा आली : प्रमाणपत्राचा क्रमांक काय?

हा कारखाना नाव घेऊन दाखवता येईल असा एकच नाही. या आकाराच्या कारखान्यांत जे हमखास दिसते ते एकत्र करून प्रकरण मांडले आहे. कारखान्याचे आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत. तेलाचे, कायद्याचे आणि बाहेरच्या जगाचे आकडे मात्र खरे आहेत.

विचारले काय होते

इंग्रजी बाजूला ठेवून वाचले तर प्रश्न चारच निघतात. तेल नेमके कोणत्या गिरणीतून आले? त्यासाठी जंगल किंवा पीटची दलदल मोडली का? फळ तोडणाऱ्या मजुराला वेठीला धरले का? आणि तुमच्या स्वतःच्या आवारात काय चालते? चौथ्या प्रश्नाला तीन पाने होती. ती कोणी वाचलीच नव्हती.

जगातले सुमारे ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येते. भारत खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो आणि त्यात पामचा वाटा सर्वांत मोठा. पामची झाडे बोर्निओ आणि सुमात्रात जिथे वाढली तिथे बऱ्याच ठिकाणी आधी जंगल होते. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली कुजत साचलेला पालापाचोळा. तिथे चर खणून पाणी काढले की तो थर वाळतो, खचतो आणि पेट घेतो. वरून विझला तरी आत धुमसत राहतो. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळले. ते सगळे पामसाठी जळले नाही, पण पामच्या मळ्यांकडे बोट दाखवले गेले ते उगाच नव्हे. ‘जंगलतोड नाही, पीट नाही, शोषण नाही’ ही आता सगळीकडे दिसणारी त्रिसूत्री विल्मार या बड्या व्यापारी कंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये स्वीकारली, त्यानंतर बाकीच्यांनी.

गिरणीचा प्रश्न का विचारतात, हेही इथेच कळते. पामचा घड तोडल्यावर साधारण २४ तासांत गिरणीत वाफेवर घ्यावा लागतो, नाहीतर तेलातले मुक्त स्निग्धाम्ल वाढते. त्यामुळे गिरणी मळ्यापासून फार लांब असूच शकत नाही. गिरणीचे ठिकाण कळले की तिच्या भोवतालचे रान उपग्रहाच्या चित्रावर तपासता येते. घडातून तेल निघते वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढे, आणि प्रत्येक टन तेलामागे अडीच ते साडेतीन टन मळकट, तेलकट सांडपाणी. ते उघड्या तळ्यांत सोडले तर त्यातून मिथेन निघत राहतो. उसाची मळी आणि डिस्टिलरीचे सांडपाणी ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

प्रश्नावलीत युरोपीय संघाच्या जंगलतोडविरोधी नियमाचेही एक कलम होते, मळ्याच्या अक्षांश-रेखांशासह. हा नियम २०२३ चा, क्रमांक १११५. त्यात ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल चालत नाही. अंमलबजावणी एकाहून अधिक वेळा पुढे ढकलली गेली आहे, पण इथे मुद्दा वेगळाच. नियमाच्या परिशिष्टात पामतेल, पामगराचे तेल, त्याची पेंड, ग्लिसरॉल, काही स्निग्धाम्ले आहेत. बिस्किटे, शेव, चिवडा यांचे शुल्क-क्रमांक त्यात नाहीत. म्हणजे हे कलम फरसाणाला लागूच नव्हते. कोणीतरी साबणाच्या रसायनांची प्रश्नावली उचलून इथे चिकटवली होती. लातूरच्या कारखान्याने मलेशियातल्या मळ्याचे अक्षांश शोधत बसण्याआधी एवढे पाहिले असते तर तीन आठवडे वाचले असते. मोठ्या खरेदीदाराचा कागद आला म्हणजे त्यातले सगळे बरोबरच असते, हा समज सोडून द्यावा.

पहिला घोळ : किलो की लिटर

‘वर्षाला पामतेल किती वापरता?’ हा सर्वांत सोपा प्रश्न आणि इथेच पहिली चूक सापडली.

साठा वहीत महिन्याला १,२४० डबे, डब्याला १५, म्हणून १८.६ टन. मालात तेल किती गेले ते प्रयोगशाळेच्या अहवालावरून काढता येते. सगळ्या प्रकारांची सरासरी ३३.५ टक्के आली (शेवेत जास्त, गाठीत कमी). ५२ टन मालाला १७.४ टन. उरलेले १.२ टन कुठे गेले? मालकाचा संशय दोन वर्षांपासून कारागिरांवर होता.

डबे मोजायला बसल्यावर कळले की त्यातले ७४० डबे १५ किलोचे आणि ५०० डबे १५ लिटरचे. पामोलिनचा लिटर ०.९१ किलोचा, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३.६५ किलो. खरा हिशेब असा : ७४० डब्यांचे ११.१ टन, ५०० डब्यांचे ६.८ टन, मिळून १७.९ टन. चोरीचा संशय होता त्यातले सुमारे ७०० किलो तेल कारखान्यात कधी आलेच नव्हते. उरलेले पाचशे किलो गाळ, सांडणे, फडक्यात राहणे आणि काढून टाकलेले तेल यात गेले, आणि तेवढे जाणे या धंद्यात पटण्यासारखे आहे.

हे क्षुल्लक वाटेल, पण प्रमाणित पामतेलाचा सगळा डोलारा अशाच आवक-जावक हिशेबावर उभा आहे. जवळजवळ चार टक्क्यांची चूक घेऊन लेखापरीक्षकासमोर बसले की तो पुढचे पान उलटत नाही.

दुसरी चूक लपलेल्या तेलाची. चिवड्यातला तळलेला कांदा बाहेरून येतो, महिन्याला ४०० किलो. बटाट्याचे काप बाहेरून तळून येतात, दीड टन. कांद्यात ४० टक्के आणि कापात ३५ टक्के तेल धरले तर महिन्याला सुमारे ६८५ किलो पामतेल असे येते की ज्याचा एकही डबा कारखान्याच्या वहीत नाही. वर्षाला आठ टन. घरचे २१५ आणि हे आठ मिळून सुमारे २२३ टन, हा खरा आकडा.

साखळी कुठे तुटते

व्यापाऱ्याच्या बिलावर ‘आरएसपीओ’ असा रबरी शिक्का होता. आरएसपीओ म्हणजे शाश्वत पामतेलासाठीची गोलमेज परिषद. २००४ मध्ये स्थापन झाली, कार्यालय क्वालालंपूरला. तिच्या निकषांत नोव्हेंबर २००५ नंतर आदिम जंगल मोडलेल्या मळ्यांना वाव नाही आणि २०१८ च्या सुधारणेनंतर कोणत्याही नव्या जंगलतोडीला, नव्या पीट लागवडीला नाही. जगातले साधारण पाचवा हिस्सा पामतेल या प्रमाणपत्राखाली येते. इंडोनेशियाचे आयएसपीओ आणि मलेशियाचे एमएसपीओ ही सरकारी प्रमाणपत्रे वेगळी. खरेदीदाराने आरएसपीओ मागितले असेल तर ती त्याच्या जागी चालत नाहीत.

शिक्क्याला काही अर्थ नसतो. बिलावर चार गोष्टी लागतात : विकणाऱ्याचा पुरवठा-साखळी प्रमाणपत्र क्रमांक, कोणत्या पद्धतीचे तेल ते, मालाचे वर्णन आणि वजन. पद्धती चार आहेत. पहिलीत एकाच गिरणीचे तेल शेवटपर्यंत वेगळे राहते. दुसरीत अनेक प्रमाणित गिरण्यांचे तेल एकत्र होते, पण अप्रमाणित तेल त्यात मिसळत नाही. तिसरी मास बॅलन्स. गावच्या डेअरीत सगळ्यांचे दूध एकाच टाकीत ओतले जाते, पण प्रत्येकाच्या पुस्तकात लिटर वेगळे लिहिले जातात, तसेच हे. टाकीत काहीही असो, जेवढे प्रमाणित घेतले तेवढेच प्रमाणित म्हणून विकायचे. हिशेब एकतर रोज चालू ठेवायचा किंवा जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मुदतीत मिटवायचा. चौथी पद्धत क्रेडिटची. त्यात तेल विकतच घेत नाहीत. एक टन प्रमाणित उत्पादनामागे एक क्रेडिट, त्याचे पैसे उत्पादकाला जातात आणि तुमच्या कढईतले तेल तेच राहते.

या कारखान्यात साखळी व्यापाऱ्याच्या गोदामात तुटत होती. तो टँकरने तेल घेऊन डबे भरून विकत असे. तेलाची मालकी ज्याच्याकडे येते आणि जो ते नव्या डब्यात भरतो, त्याच्याकडे प्रमाणपत्र नसेल तर त्याच्या पुढे कोणीही प्रमाणित तेल म्हणू शकत नाही, मागे रिफायनरी कितीही चोख असो. रिफायनरीतून सीलबंद डबे घेऊन तसेच पुढे देणाऱ्यालाही परिषदेचा परवाना लागतो, पण ती बाब तुलनेने हलकी.

रिफायनरीला थेट विचारणे शक्य आहे का? आहे, आणि त्याचे कारण आयात शुल्कात आहे. ३० मे २०२५ पासून कच्च्या पामतेलावरचे एकूण शुल्क २७.५ वरून १६.५ टक्क्यांवर आले आणि शुद्ध तेलावरचे ३५.७५ टक्के तसेच राहिले. एवढ्या फरकात बाहेरून तयार पामोलिन आणणे परवडत नाही. कच्चे तेल बंदरावर येते आणि इथल्याच रिफायनरीत शुद्ध होते. म्हणजे ज्याला विचारायचे तो भारतातच आहे. मोठ्या रिफायनऱ्या गिरण्यांच्या याद्या जाहीर करतात. लेखनिकाने यादी मागवली, सहाशेच्या वर नावे आली. ती त्याने प्रश्नावलीला जोडून पाठवली आणि समाधानाने बसला. पण यादी मिळणे म्हणजे तेल कुठून आले असू शकेल ते कळणे. ते तेल प्रमाणित आहे असे त्यातून ठरत नाही. या दोन गोष्टींची गल्लत इतकी सर्रास होते की कधी कधी ती मुद्दाम होते की काय अशी शंका येते.

मास बॅलन्स तेल टँकरने घ्यायचे तर किमान वीस टनांची टाकी हवी, पंप हवा, थंडीत तापवायची सोय हवी. परभणी-लातूरकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली जातो तेव्हा पामोलिन डब्यातसुद्धा दाटते. टाकीला एक वर्ष लागणार होते. म्हणून पहिल्या वर्षासाठी क्रेडिटचा मार्ग धरला. निर्यातदाराच्या नऊ टनांत घरचे तेल तीन टन, बाहेरच्या कांदा-कापातले सुमारे दोनशे किलो. वर्षाचे ३८-३९ टन, म्हणून ४० क्रेडिट. वर्षाला ५०० टनांपर्यंत पाम वापरणाऱ्यांसाठी परिषदेचे सहयोगी सदस्यत्व असते आणि कारखाना त्यात बसला. क्रेडिट स्वतंत्र छोट्या शेतकऱ्यांच्या गटांकडून घेतली. छोट्या शेतकऱ्यांसाठी वेगळा निकष नोव्हेंबर २०१९ मध्ये आला, आणि इंडोनेशिया-मलेशियातले सुमारे ४० टक्के पामक्षेत्र अशाच शेतकऱ्यांकडे आहे. प्रमाणपत्राच्या खर्चामुळे बाजारातून आधी तेच बाहेर फेकले जातात. क्रेडिटवर ‘पळवाट’ म्हणून टीका होते आणि ती काही प्रमाणात खरी आहे. तरी चाळीस टनांच्या गिऱ्हाइकासाठी टाकीतल्या मिसळलेल्या तेलापेक्षा शेतकऱ्याच्या खात्यात गेलेले पैसे आम्हाला अधिक खरे वाटतात.

पिशवीवर काय छापायचे ते मात्र तोलून ठरवावे लागते. क्रेडिट घेतल्यावर ‘प्रमाणित पामतेलाच्या उत्पादनाला हातभार’ एवढेच म्हणता येते. ‘यात प्रमाणित पामतेल आहे’ असे नाही. परिषदेचे चिन्ह छापायला वेगळा परवाना लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यावरणाविषयीच्या दाव्याला पडताळता येईल असा पुरावा हवा. निर्यातदाराच्या डिझायनरने पिशवीवर हिरवे पान आणि ‘जंगलस्नेही’ हा शब्द टाकला होता. दोन्ही काढले.

पाम सोडून सोया घ्यावे का

निर्यातदाराच्या विक्री विभागाचा हा आवडता प्रश्न, आणि लातूरमध्ये तो विचारला की टाळ्या पडतात. सोयाबीन अनेकदा हमीभावाच्या खाली विकावे लागते. २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना बाजार त्याच्या बराच खाली होता. मग इथलेच तेल का नको?

आधी तळून पाहिले. रिफाइंड सोयातेलात केलेली शेव पहिल्या दिवशी छान होती. चार महिने टिकायला हवी ती दीड महिन्यात खवट वासाला आली. सोयातेलात सुमारे सात टक्के लिनोलेनिक आम्ल असते आणि हवा लागली की तेच आधी बिघडते. पामोलिनमध्ये ते नावापुरते. शिवाय उघड्या कढईच्या कडेला सोयातेलाचा चिकट डिंकासारखा थर बसतो. तो घासायला रोज पाऊण तास गेला.

मग जमिनीचा हिशेब. सोयाबीनमधून सुमारे १८ टक्के तेल निघते. २१५ टन तेलाला जवळजवळ १,२०० टन सोयाबीन लागते. कोरडवाहू मराठवाड्यात हेक्टरी दहा क्विंटल धरले तर १,२०० हेक्टर. तेवढेच पामतेल हेक्टरी साडेतीन टनांनी ६१-६२ हेक्टरांत होते. पामची बाजू घेणारे हा हिशेब इथेच थांबवतात. तो अर्धा आहे, कारण सोयाबीनमधून ऐंशी टक्के पेंडही मिळते आणि मराठवाड्यातली ती जमीन आधीपासूनच नांगराखाली आहे, तिथे जंगल नव्हते. पण दुसरे अर्धेही पाहावे : सोयाबीनचा भाव मुख्यतः पेंडीवर ठरतो, तेलावर नाही. इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मका-तांदळाचा चोथा पशुखाद्यात स्वस्त मिळू लागल्यापासून पेंड दबली आहे. एका फरसाणवाल्याने तेल बदलून बाजार समितीतला भाव हलत नाही. आणि दुकानातून उचललेला रिफाइंड सोयाचा डबा लातूरच्या सोयाबीनचा असेलच असे नाही. अर्जेंटिना-ब्राझीलचे कच्चे सोयातेलही इथल्याच रिफायनऱ्यांत उतरते. ‘स्थानिक’ म्हणायचे तर गाळप करणाऱ्या कारखान्याचे बिल हवे.

भावावर विसंबूनही चालत नाही. पाम नेहमी स्वस्त असे मानणाऱ्यांना २०२४ च्या अखेरीस ते सोयापेक्षा महाग झालेले पाहावे लागले. २०२२ मध्ये इंडोनेशियाने २८ एप्रिल ते २३ मे निर्यातच बंद ठेवली होती. म्हणून कारखान्याने मधला मार्ग काढला. जो माल पंधरा दिवसांत जवळच्या बाजारात खपतो, त्यासाठी ७० भाग पामोलिन आणि ३० भाग सोया, पिशवीवर दोन्ही तेलांची नावे. निर्यातीचा माल निव्वळ पामोलिनमध्ये.

करडईचा विचार पुष्कळ जण भावनेने करतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखी वाणे दिली, तरी काटेरी पिकाच्या काढणीला माणूस मिळेना म्हणून क्षेत्र हरभऱ्याने खाल्ले. नेहमीच्या करडई तेलात तर सोयापेक्षाही अधिक लिनोलेइक आम्ल असते (लिनोलेनिकहून वेगळे, पण तेही हवेने बिघडणारे), तळणीच्या टिकाऊ मालाला ते निरुपयोगी. उच्च ओलेइक, म्हणजे ओलेइक आम्ल जास्त असलेली करडई मात्र तळणीत चांगली टिकते. या भागात पामला खरा पर्याय उभा राहायचा असेल तर तो तिथून राहील, असे आमचे मत आहे. त्यासाठी वेगळी पेरणी, वेगळी खरेदी आणि वेगळे गाळप लागते आणि ते एका कारखान्याच्या आवाक्यातले काम नाही.

‘भरती शुल्क’ म्हणजे उचल

प्रश्नावलीतल्या एका ओळीचा अर्थ कोणालाच लागत नव्हता : कामगाराकडून भरती शुल्क घेतले जाते का, कामगार कर्जाने बांधला आहे का, ओळखपत्रे कोणाच्या ताब्यात असतात. मलेशियातल्या मळ्यांवर बांगलादेश, नेपाळ, इंडोनेशिया, भारतातून मजूर जातात. दलालाला पैसे देण्यासाठी घरी कर्ज काढतात आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात राहतो. २०२० मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून मलेशियातल्या दोन मोठ्या उत्पादकांचे पामतेल अडवले, त्यात हेच मुद्दे होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीची अकरा लक्षणे सांगितली आहेत. कर्जाची बांधिलकी आणि कागदपत्रे अडकवून ठेवणे ही त्यातली दोन.

बीड-धाराशिवकडच्या माणसाला हे ‘उचल’ या एका शब्दात कळते. ऊसतोडीला एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, आणि उचल फिटेपर्यंत मुकादमाला सोडता येत नाही. इंडोनेशियाच्या काही मळ्यांवर ठरलेले घड पुरे करण्यासाठी तोडणी कामगार बायकोला, कधी मुलांना मदतीला नेतो. त्यांचे नाव हजेरीपटावर नसते. कोयत्याचेच हे दुसरे रूप.

मग तोच प्रश्न कारखान्याकडे वळवला. चौतीस माणसे. नऊ कारागीर बाहेरच्या राज्यातले, ठेकेदारामार्फत आलेले. पंचवीस बायका पिशव्या भरायला, पिशवीवर मजुरी. मालकाने सांगितले, आम्ही कोणाची कागदपत्रे ठेवत नाही. ते खरे होते. नऊही कारागिरांची आधार कार्डे ठेकेदाराकडे होती, ‘हरवू नयेत म्हणून’. प्रत्येकाच्या नावावर आगाऊ रक्कम होती, फेडीचा हिशेब फक्त ठेकेदाराच्या वहीत. बायकांपैकी एकीचेही नाव कर्मचारी राज्य विम्यात (ईएसआय) नव्हते. दहा माणसांपासून राज्य विमा आणि वीसपासून भविष्य निर्वाह निधी लागतो. तुकड्यावर मजुरी आहे म्हणून सुटका नाही. लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीही दहा माणसांपासून बंधनकारक आहे. ती नव्हती.

दुरुस्ती करायला चार महिने गेले. कार्डे परत दिली आणि सहीनिशी पोच घेतली. आगाऊ रकमेचा कागद कारागिराच्या भाषेत करून एक प्रत त्याच्याकडे ठेवली. कपात महिन्याच्या मजुरीच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नाही आणि उचल बाकी असतानाही काम सोडता येईल, असे त्यात लिहिले. मजुरी ठेकेदाराच्या हातून न जाता थेट बँक खात्यात जाऊ लागली. पिशवीचा दर असा बसवला की साध्या वेगाने आठ तास भरणारी बाई किमान वेतनाच्या खाली राहणार नाही. त्यासाठी सर्वांत वेगवान बाईचा नव्हे, मधल्या बाईचा वेग मोजला. दर ठरवताना नेमकी इथेच लबाडी होते. ठेकेदार नाराज झाला आणि दिवाळीच्या तोंडावर दोन कारागीर घेऊन गेला. ऐन हंगामात तेरा दिवस एक कढई बंद राहिली.

भट्टी, गाळ, डबे

बोर्निओच्या जंगलाची उत्तरे लिहिणाऱ्या या कारखान्याच्या मागच्या भिंतीला बाभळीच्या आणि लिंबाच्या ओंडक्यांची छातीएवढी चळत होती. रोज साडेतीनशे किलो लाकूड. लातूर जिल्ह्याचे वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे. हे लाकूड बांधावरून येते. प्रश्नावलीत याबद्दल एक ओळही नव्हती. कारखान्याने तुराटी-पऱ्हाटीच्या दाबून केलेल्या कांड्यांवर भट्टी चालवून पाहिली. पहिला प्रयत्न फसला, कारण उघड्या भट्टीत त्यांची राख उडून तेलात पडू लागली. जाळी, बंद दार आणि उंच धुराडे बसवल्यावर जमले. आता रोज सुमारे तीनशे किलो लागतात. पावसाळ्यात कांड्या ओल धरतात आणि फुटतात, म्हणून दोन महिन्यांचा साठा जमिनीपासून हातभर उंच फळ्यांवर, आच्छादनाखाली.

वापरलेल्या तेलाबाबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा १ जुलै २०१८ पासून आहे : एकूण ध्रुवीय संयुगे (तेल तापून बिघडत जाते तशी वाढणारी) २५ टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ते तेल वापरायचे नाही. तळणीला रोज ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्याने १ मार्च २०१९ पासून नोंद ठेवून ते अधिकृत संकलकालाच द्यायचे आहे. शेवेच्या कढयांत हा प्रश्न फारसा येत नाही. कढईत १८० किलो तेल, तासाला ११० किलो माल, त्यात ३७ किलो तेल जाते. पाच तासांत सगळे तेल नवे होते. ही संयुगे मोजणाऱ्या मीटरवर आकडा १२-१४ च्या वर गेला नाही. दुखणे चौथ्या कढईचे होते. तिच्यात डाळ आणि शेंगदाणे तळतात, तासाला वीस किलो, तेल जेमतेम पाच किलो जाते. तेच तेल ३६ तास तापत राहते. तिथे शनिवारी २७ टक्के सापडले. उपाय साधा : मोठ्या कढईऐवजी साठ किलोची, तळण सलग एकाच पाळीत, पाळी संपली की जाळीतून गाळून झाकण. काढलेले तेल आधी कुठे जात होते, हे विचारल्यावर सगळे गप्प बसले. ते रस्त्यावरच्या गाड्यांना डब्याने जात होते.

डब्यांचेही तसेच. रिकामा डबा भंगारवाल्याकडून पुन्हा तेल भरणाऱ्याकडे जातो, आणि खाद्यतेलासाठी वापरलेला पत्र्याचा डबा पुन्हा वापरायला नियमाने बंदी आहे. आता प्रत्येक डब्याच्या तळाला दोन भोके पाडूनच तो आवाराबाहेर जातो. भंगारवाल्याने डब्यामागे भाव कमी केला. आधी साध्या डब्याला तो जास्त भाव का देत होता, ते यावरूनच कळले.

करारापाशी

दुसऱ्या वेळी गेलेली उत्तरे पहिल्यापेक्षा लांब होती आणि त्यात ‘हो’ कमी होते. वार्षिक वापर २२३ टन, बाहेरच्या मालातल्या तेलासह. प्रमाणित तेल शून्य टन, क्रेडिट ४०. मास बॅलन्सकडे जाण्यासाठी टाकीची तारीख. युरोपीय नियमाचे कलम लागू नाही, आणि का नाही ते दोन ओळींत. ठेकेदाराचा प्रकार जसा होता तसा, दुरुस्तीच्या तारखांसह. लेखनिकाला ते लिहावेसे वाटत नव्हते. निर्यातदाराने नेमकी तीच पाने आधी वाचली आणि करार एका वर्षासाठी केला, तीनसाठी नाही.

एक रकाना उघडा राहिला. बटाट्याचे काप करणाऱ्याने आपल्या तेलाची बिले दाखवली. कांदा तळून देणारा दाखवायला तयार नाही. ‘महिन्याला १६० किलो, स्रोत सांगता येत नाही’ असे लिहून पाठवले, त्यावर निर्यातदाराने लाल खूण केली आहे. कांदा कारखान्यातच तळावा तर चौथ्या कढईतले तेल लवकर बदलेल, तिचे दुखणे कमी होईल. पण कांद्याचे पाणी आणि साखर तेल झपाट्याने काळे करतात. महिनाभर साठ किलोच्या कढईत आठवड्यातून दोनदा कांदा तळून, दर दोन तासांनी मीटर लावून पाहायचे ठरले आहे. पहिल्या आठवड्याचा आकडा १९ आला.